देहाचें देणें

कीर्तनांत शिबिराजाचें आख्यान लागलें म्हणजे बुवा शब्दांनींच एक तराजू उभा करतात. एका पारड्यांत कबूतर असतें, दुसऱ्यांत राजाच्या मांडीचें मांस. दधीचीचें आख्यान लागलें म्हणजे ऋषि आपल्या अस्थि देवांच्या स्वाधीन करतो. हरिश्चंद्राचें आख्यान आलें म्हणजे मात्र देखावा बदलतो. तेथें काशीचा बाजार आहे, बोली आहे, गिऱ्हाईक आहे. राजा आधीं तारामतीला विकतो, रोहिदासाला विकतो, आणि शेवटीं स्वतः डोंबाच्या चाकरीस राहतो. तिन्ही कथांत मनुष्याचा देहच दुसऱ्याच्या हातीं जातो. पण पहिल्या दोहोंत तो दिला जातो आणि तिसरींत तो विकला जातो. फरकाचें कारणही कथेंतच आहे. शिबि आणि दधीचि यांच्या दारीं याचक उभा होता. हरिश्चंद्राच्या दारीं धनको उभा होता, आणि त्यानें मुदत घालून दिली होती.

मराठी भाषेनें या दोन्ही गोष्टींना एकच शब्द ठेवला आहे. दान करणें तेंही देणें, आणि कर्ज तेंही देणें. मनुष्याला स्वतःचा अवयव विकण्याची मोकळीक कायद्यानें द्यावी कीं देऊं नये, हा प्रश्न गेलीं चाळीस वर्षें जगभर वादाचा झाला आहे. त्याचा विचार करतांना समोर जें घडत आहे तें कोणत्या प्रकारचें देणें आहे, हें आधीं ओळखावें लागतें. त्या ओळखीस तर्कापेक्षां इतिहासाचें साहाय्य अधिक होतें.

मुंबईच्या रुग्णालयांतून पाहिलें तर हा प्रश्न रोग्याच्या प्राणाचा दिसतो. जालना जिल्ह्यांतील गांवांतून पाहिलें तर त्याची दुसरी बाजू दिसते. कुंडलिकेच्या कांठचें जालना शहर जुनी बाजारपेठ आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तिच्या भरभराटीवरूनच पडली. कापसाचा व्यापार, पुढें १९६४ पासून वाढलेला बियाण्यांचा धंदा, आणि नंतरचे लोखंडाचे कारखाने यांनीं ती खरी ठेवली. परंतु १ मे १९८१ रोजीं जो जिल्हा म्हणून वेगळा झाला, त्या मुलखाचा मोठा भाग कोरडवाहू आहे. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या आठवणींत आहे; २०१२-१३ च्या दुष्काळांत लेंकरांसारख्या वाढविलेल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तें तर कालचेंच आहे. समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब ज्या घनसावंगी तालुक्यांत आहे, त्या तालुक्यांतून आणि शेजारच्या अंबड, मंठा या भागांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. निघण्यापूर्वीं मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल म्हणजे काम करण्याआधींच घेतलेली मजुरी. तींतून मागचें देणें फिटतें, मुलीचें लग्न होतें, दवाखाना भागतो. या उचलीला जमीन तारण नसते, दागिना तारण नसतो. तारण असतो तो येत्या सहा महिन्यांचा देह.

देह तारण ठेवण्याची ही रीत फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व ४५० च्या सुमाराच्या रोमन द्वादश फलकांत असा नियम होता कीं, मुदतींत कर्ज न फिटल्यास ऋणकोला टायबर नदीपलीकडे नेऊन विकावें, आणि धनको अनेक असल्यास त्यांनीं त्याच्या देहाचे वांटे करून घ्यावे. असे वांटे प्रत्यक्ष केल्याचें ऐकिवांत नाहीं, हें पुढील काळच्या रोमन लेखकांनींच नमूद केलें आहे. तरी सावकाराचा हक्क ऋणकोच्या कातडीच्या आंत पोंचतो, हें त्या कायद्याला मान्य होतें. अथेन्समध्यें सोलोननें ख्रिस्तपूर्व ५९४ मध्यें देहाच्या तारणावर कर्ज देण्यास बंदी घातली. रोमला तसेंच करण्यास ख्रिस्तपूर्व ३२६ पर्यंत थांबावें लागलें. शेक्सपिअरच्या शायलॉकनें रत्तलभर मांसाचा जो करार लिहून घेतला, त्याच्या मागें ही जुनी आठवण आहे.

महाराष्ट्रांतही ही गोष्ट परकी नव्हती. १६३० च्या दुष्काळानें बालाघाट आणि दौलताबाद हा मुलूख, म्हणजे आजच्या जालन्याचा परिसर, उजाड केला. तेव्हां भाकरीच्या मोबदल्यांत माणसें स्वतःला विकावयास उभीं राहिलीं, पण घेणारा मिळेना, असें मोगल बखरकार अब्दुल हमीद लाहोरी यानें नोंदविलें आहे. पेशवाईंत कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री उघड चाले. १८४३ च्या कायद्यानें कंपनी सरकारच्या न्यायालयांनीं गुलामावरील मालकी मानण्याचें नाकारलें. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्यांनंतर झालेल्या १८७९ च्या कायद्यानें दख्खनच्या शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायीं तुरुंगांत टाकणें बंद झालें. जालना मात्र त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें, आणि इंग्रजी मुलखाचे हे कायदे तेथें लागू नव्हते. त्या राज्याच्या तेलंगण भागांत भागेला नांवाची पद्धति होती. कर्ज घेतलेला मनुष्य तें फिटेपर्यंत धन्याच्या शेतांत राबे, आणि बहुधा तें फिटत नसे. पुढें निजाम सरकारलाही अशा करारांवर नियम घालावे लागले. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९७६ च्या कायद्यानें साऱ्या देशांत वेठबिगारी रद्द झाली, आणि कर्जापोटीं मनुष्याला बांधून ठेवणारे करार निरर्थक ठरले.

या लांबलचक इतिहासांतील एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. यांतील बहुतेक करार, निदान कागदावर, संमतीनेंच झालेले होते. अंगठा ऋणकोचाच होता, साक्षीदार गांवचेच होते. तरीही कायद्यानें ती संमति मानली नाहीं. देह ज्याचा त्याचा नव्हे, असें कायद्याचें म्हणणें नव्हतें. म्हणणें एवढेंच होतें कीं, देहावर जोंपर्यंत कर्ज मिळतें तोंपर्यंत तो ज्याचा त्याच्या ताब्यांत राहत नाहीं.

हा धडा पुरता पचण्यापूर्वींच शास्त्रानें नवा प्रश्न उभा केला. २३ डिसेंबर १९५४ रोजीं अमेरिकेंत बोस्टन येथें एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्याच्या देहांत बसविण्यांत आलें आणि तें चाललें. भारतांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९६५ मध्यें असा प्रयत्न झाला, आणि १९७१ मध्यें वेल्लोर येथें त्यास यश आलें. या पहिल्या काळांत मूत्रपिंड रक्ताच्या नातलगाचेंच लागे, कारण परक्याचा अवयव देह नाकारीत असे. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हें औषध प्रचारांत आलें आणि परक्याचें मूत्रपिंडही टिकूं लागलें. औषध रोग्यांना वरदान ठरलें. परंतु त्याच औषधानें बाजाराचें दारही उघडलें. आतां दाता भाऊ असण्याची गरज उरली नाहीं, तो गरजू असला म्हणजे पुरे. मुंबई आणि मद्रास हीं शहरें त्या व्यापाराचीं ठिकाणें झालीं. अरबस्तानांतून धनिक रोगी मुंबईंत येऊं लागले. मद्रासच्या विल्लिवाक्कम या वस्तींत इतक्या लोकांनीं मूत्रपिंडें विकलीं कीं तिचें नांवच किडनीवाक्कम पडलें.

हा व्यापार बंद करण्यासाठीं ज्या राज्यांच्या विधिमंडळांनीं संसदेला कायदा करण्याची विनंति केली, त्यांत महाराष्ट्र होता. गोवा आणि हिमाचल प्रदेश हीं इतर दोन होतीं. त्यांवरून १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो अंमलांत आला. अवयव विकणें, विकत घेणें आणि दलाली करणें हे तिन्ही गुन्हे ठरले. जवळच्या नातलगाखेरीज कोणी अवयव देत असेल, तर तो प्रेमापोटीं किंवा जिव्हाळ्यापोटीं देत आहे अशी एका समितीची खात्री पटावी लागते. २०११ च्या दुरुस्तीनें शिक्षा पांच ते दहा वर्षें कैद आणि वीस लाखांपासून एक कोट रुपयांपर्यंत दंड इतकी कडक झाली.

विक्रीची मोकळीक मागणाऱ्यांचा पक्ष हलका समजूं नये. ते म्हणतात, मनुष्य आपला घाम विकतो, खाणींत उतरून आयुष्य विकतो, विहिरीच्या कामावर सुरुंगाशीं खेळतो. त्यास कायदा आडवा येत नाहीं. मग दोहोंपैकीं एक मूत्रपिंड विकण्यासच तो आडवा कां यावा? एका मूत्रपिंडावर मनुष्य जगूं शकतो. इकडे आठवड्यांतून दोन-तीन वेळां यंत्रावर रक्त शुद्ध करून घेत रोगी वाट पाहत मरतो. तिकडे दरिद्री मनुष्याच्या हातांतून त्याचें एकुलतें एक धन दयेच्या नांवाखालीं काढून घेतलें जातें. व्यवहार उघड केला तर दलाल नाहींसा होईल आणि विक्रेत्याला पुरती किंमत मिळेल. इराणनें १९८८ पासून अशी व्यवस्था चालविली आहे, आणि आपल्याकडील रोग्यांची प्रतीक्षायादी संपल्याचें त्या देशांतून सांगण्यांत आलें.

युक्तिवाद सरळ आहे. त्याची कसोटी विक्रेत्याच्या घरीं जाऊनच पाहिली पाहिजे. २००१ मध्यें मद्रास, म्हणजे आतांच्या चेन्नई शहरांत, मूत्रपिंड विकलेल्या ३०५ व्यक्तींची पाहणी झाली आणि पुढील वर्षीं ती एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. शंभरांतील ९६ जणांनीं कर्ज फेडण्यासाठीं विक्री केली होती. सरासरीनें हातीं आले १,०७० डॉलर. शस्त्रक्रियेला सरासरी सहा वर्षें होऊन गेलीं होतीं. त्या अवधींत कुटुंबांचें उत्पन्न एक-तृतीयांशानें घटलें होतें, आणि चौघांपैकीं तिघे पाहणीच्या वेळींही कर्जांतच होते. ८६ टक्क्यांनीं प्रकृति खालावल्याचें सांगितलें. दुसऱ्या कोणास असें करण्याचा सल्ला आपण देणार नाहीं, असें ७९ टक्क्यांनीं म्हटलें. म्हणजे ज्या देण्यासाठीं अवयव गेला, तें देणें घरांतच राहिलें, आणि मजुराचें भांडवल जें अंगमेहनत, तिला मात्र ढळ पोंचली.

कर्ज फिटलें कां नाहीं, याचें एक उत्तर अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनीं त्याच शहराच्या वस्त्यांत हिंडून दिलें. जेथें मूत्रपिंड विकण्याची वहिवाट पडली होती, तेथें सावकारांचा तगादा अधिक कडक झाला होता. गरिबाजवळ आणखी एक विकण्याजोगी वस्तु आहे, हें त्यांस कळलें होतें. अवयवाला किंमत आली कीं तो अवयव न विकणाऱ्याच्याही हिशेबांत धरला जातो. सोनें असतांना कर्ज कां थकवितोस, असें सावकार म्हणतो. उद्यां तो तेंच मूत्रपिंडाविषयीं म्हणेल. मोकळीक विक्रेत्याला मिळाली असें वाटतें, पण तिचा उपयोग धनको करतो.

महाराष्ट्राला हें अनुभवानें कळलें आहे. २०१५ च्या डिसेंबरांत अकोला येथें एक प्रकरण उघडकीस आलें. सावकाराच्या कर्जांत अडकलेल्या गरीब माणसांना मूत्रपिंड विकून मोकळें होण्याची वाट दाखविण्यांत आली होती, आणि कांहींना त्यासाठीं श्रीलंकेंत नेण्यांत आलें होतें. २०२५ च्या डिसेंबरांत चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें तशीच तक्रार केली. या वेळीं शस्त्रक्रियेचा देश कंबोडिया होता. रोम आपल्या ऋणकोला टायबरपलीकडे पाठवीत असे. येथें समुद्रापलीकडे पाठविण्यांत आलें.

या विषयाला अगदीं लागून असलेली एक गोष्ट जालन्याच्या सीमेवर, गोदावरीच्या पलीकडील बीड जिल्ह्यांत घडली आहे. तींत बाजार नव्हता, दलाल नव्हता, अवयवाला किंमतही मिळाली नाहीं. ऊसतोडींत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल त्या कोयत्यावर असते. दोघांपैकीं एकानें एक दिवस बुडविला कीं खाडा पडतो आणि त्याचा दंड देण्यांत मिळविला जातो. पहांटेपासून ऊस तोडणें, मोळ्या बांधणें, त्या डोक्यावर घेऊन गाडी भरणें, फडाजवळच्या कोपींत राहणें, न्हाणीघर नाहीं, पुरेसें पाणी नाहीं. अशा स्थितींत मासिक पाळी, पाळीचे विकार आणि बाळंतपण हीं सारीं खाड्याचीं कारणें ठरतात. २०१९ मध्यें या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, आणि राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. शंभरांत जवळजवळ सतरा असें हें प्रमाण पडतें. कांहींना खरोखरच व्याधि होती. कांहींना कर्करोगाची भीति दाखविण्यांत आली. आणि कांहींनीं पाळीचा त्रास व खाडा एकदांचा चुकावा म्हणून हा मार्ग पत्करला. त्यानंतर खासगी रुग्णालयांनीं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून अशी शस्त्रक्रिया करूं नये, असा निर्बंध बीडमध्यें घालण्यांत आला.

या स्त्रियांनीं कांहीं विकलें, असें कोणी म्हणणार नाहीं. उलट त्यांनीं शस्त्रक्रियेसाठीं पैसे मोजले, आणि पुष्कळदां तेही उचल वाढवून घेऊन. तरी त्यांचा अवयव गेला तो देण्याच्याच खात्यांत. संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा होता. ती संमति खोटी नव्हती. फडावर उभ्या असलेल्या बाईच्या दृष्टीनें तो निर्णय शहाणपणाचाही असेल. पण तेवढ्यानें तो स्वतंत्र ठरत नाहीं. जेथें किंमत न देतांही कर्ज स्त्रीच्या देहांतील अवयव काढून घेऊं शकतें, तेथें अवयवांना उघड किंमत आली तर काय होईल, याचा अंदाज बांधण्यास इराणपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. जालन्याच्या टोळ्याही त्याच उचलीवर, त्याच कोयत्यानें काम करतात.

नोव्हेंबर २०२३ मध्यें मराठवाड्यांतीलच हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव तालुक्यांत दहा शेतकऱ्यांनीं मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, पीककर्ज फेडण्यासाठीं आमचे अवयव विकत घ्या, अशी मागणी केली. ती मागणी खरेदीची नव्हती, ती फिर्याद होती. देहाचे तुकडे बाजारांत मांडण्याची भाषा ऐकून राज्यकर्त्याला लाज वाटेल, असा विश्वास तिच्या मुळाशीं होता. विक्री कायदेशीर असती तर त्याच पत्राला एखाद्या कचेरीनें दरपत्रक पाठविलें असतें. अवयव-विक्रीला बंदी असल्यानें त्या शेतकऱ्यांच्या हातीं निदान एवढें शस्त्र राहिलें कीं, त्यांच्या शब्दाला अजून धक्का देण्याची शक्ति आहे.

परंतु बंदीनें कर्तव्य संपत नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. कायदा विक्रेत्यालाही गुन्हेगार ठरवितो. त्यामुळें फसविला गेलेला मजूर पोलिसांकडे जाण्यास कचरतो आणि दलाल निर्धास्त राहतो. कुटुंबांतील दानही नेहमींच निर्मळ असतें असें नाहीं. भारतांत जिवंतपणीं मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, घेणाऱ्यांत पुरुषांची; आई, पत्नी आणि बहीण यांच्या होकारामागें किती इच्छा आणि किती धाक, हें समितीपुढील जबाबांत उमटत नाहीं. शिवाय वाट पाहणारा रोगी खरा आहे आणि त्याचे दिवस मोजके आहेत. विक्री नको म्हणणाऱ्यानें दान वाढविण्याचा भार उचललाच पाहिजे.

तो भार उचलतां येतो, याचा दाखला रक्तानें दिला आहे. एके काळीं रुग्णालयांच्या फाटकांबाहेर धंदेवाईक रक्त विकणारे उभे असत. त्यांच्या दारिद्र्यामुळें आणि रोगांमुळें तें रक्त देणाऱ्याला व घेणाऱ्याला सारखेंच घातक होतें. इंग्रज समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनीं १९७० मध्यें, विकत घेतलेल्या रक्तापेक्षां दान मिळालेलें रक्त अधिक निर्दोष असतें, असें सप्रमाण मांडलें होतें. जानेवारी १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिलेल्या निकालावरून १ जानेवारी १९९८ पासून भारतांत रक्ताची विक्री बंद झाली. रक्त मिळणार नाहीं, अशी भीति तेव्हां पुष्कळांनीं घातली होती. पुढें गणेशोत्सवांत, जयंत्यांना, कारखान्यांत आणि महाविद्यालयांत शिबिरें भरूं लागलीं, आणि रक्तसंकलनांत महाराष्ट्र देशांत अग्रेसर झाला. अवयवांच्या बाबतींतही मेंदु मृत झालेल्या व्यक्तीच्या देहाचें दान हा मार्ग खुला आहे. मुंबई, पुणें, नागपूर आणि औरंगाबाद, आतांचें छत्रपति संभाजीनगर, येथें त्यासाठीं विभागीय केंद्रें स्थापन झालीं आहेत. मृताला कर्जाचा तगादा लागत नाहीं; म्हणून त्याच्या देहाचें दान हेंच शिबि आणि दधीचि यांच्या देण्याच्या सर्वांत जवळ जाणारें आहे.

कथेंत हरिश्चंद्राची कसोटी पुरी झाल्यावर सारें परत मिळतें. रोहिदास उठून बसतो, राज्य पुनः लाभतें. तारामतीला आणि त्याला विकत घेणाऱ्यांचें पुढें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं, कारण तेथें देवच परीक्षक होते. अकोल्याच्या मजुराला मूत्रपिंड परत मिळालें नाहीं, बीडच्या स्त्रीला गर्भाशय परत मिळालें नाहीं. अवयव विकूं द्यावा कीं देऊं नये, हा वाद चालेल तोंवर चालो. त्यापूर्वीं दिवाळीच्या तोंडावर अंबडच्या किंवा मंठ्याच्या गांवांतून निघणाऱ्या कोयत्याची उचल कागदावर यावी, तिचें व्याज कायद्यांत बसावें, आणि आजारी पडलेल्या बाईचा दिवस खाडा म्हणून मांडला जाऊं नये, एवढें झालें तरी पुष्कळ देह मनुष्यांच्या स्वतःच्या ताब्यांत येतील. मग त्यांतून कोणी काय द्यावें, हें ज्याचें त्याला ठरवितां येईल.